दाराजवळची खुर्ची

मी शिक्षक संघटनेच्या खोलीतली खुर्ची बोलतेय. अध्यक्षांची नव्हे, तिला हात आहेत, गादी आहे, रुबाब आहे. मी दाराजवळची.

शाळेतले मोडके बाक फोडून सुताराने आम्हाला घडवलं. घाईघाईत माझा एक पाय आखूड पडला. "चालतंय, दाराशी ठेवा," असं कुणीतरी म्हणालं. पायाखाली खडूच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला आणि माझं नशीब ठरलं.

दाराशी बसायच्या बायका. सभा शाळा सुटल्यावर भरायची. संघटनेत शिक्षिकाच जास्त, पण सगळ्यांचा जीव घड्याळात. कुणाचं मूल पाळणाघरात, कुणाची सासू जेवायला खोळंबलेली. अंधारून आलं की एकेक जण चपलांचा आवाज न करता निघून जायची. मग सर लोक चहा मागवायचे आणि मतदान व्हायचं. मतदान शेवटी, अशी पद्धतच होती. कुणाच्या मनात पाप होतं असं मी म्हणणार नाही. सोयीची सवय होती, पण तिने काय होतं ते मी पाहिलंय.

माझ्यावर गणिताच्या बाई बसायच्या. अंगाने बारीक, जिभेला धार. त्यांच्या शाळेतल्या एका हंगामी शिक्षिकेने बाळंतपणाची रजा मागितली आणि तिची नोकरीच गेली. पोरगी नुकती कुठे उभी राहत होती. तिच्यासाठी संप करायचा, असा ठराव बाईंनी मांडला. बायका घरी गेल्यावर तो मताला टाकला गेला आणि पडला. बाईंनी पुन्हा मांडला, पुन्हा तसाच पडला. त्या दिवशी ती पोरगी तान्हं बाळ घेऊन बाहेर व्हरांड्यात उभी होती. बाईंनाही घर गाठावं लागलं होतं, निकाल त्यांना दुसऱ्या दिवशी तिच्याच तोंडून कळला.

पुढच्या सभेला बाईंनी मला उचललं आणि थेट अध्यक्षांच्या टेबलासमोर आणून आपटलं. पुठ्ठा मागेच राहिला. मी डुगडुगत होते.

"सर, आज मतदान आधी."

"असं कसं बाई? पद्धत आहे ना काही!"

"मग आज आम्ही उठणार नाही."

"आणि घरचं कोण बघणार?" मागून कुणीतरी हसलं.

"घर इथेच आणलंय," म्हणत बाईंनी दार उघडलं.

पोरं आत घुसली. दप्तरं, दुधाच्या बाटल्या, दोन रडकी, एक शेंबडं. एकीची सासूही आली आणि मधोमध ऐसपैस बसली. "चालू द्या तुमचं, मला काही घाई नाही." अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. मग हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला.

संप झाला, पोरीला नोकरीवर परत घेतलं. बाईंची मात्र आडबाजूच्या शाळेत बदली झाली. तरी त्या दर सभेला धुळीने माखून यायच्या. पुढे अध्यक्ष झाल्या, तेव्हाही माझ्यावरच बसल्या. गादीच्या खुर्चीवर मुलांची दप्तरं ठेवायला लावली. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला, का लपवू?

परवा बाई गेल्या.

सभेला मला झाडूनपुसून पुढे मांडलं, रिकामीच. कुणी बसेना. खुर्चीला याहून मोठं दुःख नाही. आता अध्यक्ष आहे ती तीच पोरगी, केस पिकू लागलेली. ती माझ्यापाशी आली. डोळे काठोकाठ भरलेले. तिने मला उचललं, दाराशी नेलं आणि वाकून पायाखाली पुठ्ठा सारला.

"बाईंची खुर्ची अडवून ठेवू नका. जिला लवकर निघायचंय तिने बसा."

दिवस भरत आलेली एक नवी शिक्षिका अवघडत माझ्यावर टेकली. प्रत्येक शाळेत पाळणाघर हवं, हा बाईंचा शेवटचा ठराव त्या दिवशी यायचा होता.

"आधी मतदान," अध्यक्ष म्हणाली. "श्रद्धांजली नंतर."

हात वर झाले.

माझे सांधे आता खिळखिळे झालेत. मोडले की खुशाल सरपणाला द्या. पण तोवर माझ्यावर फुलं ठेवू नका, कुणाला तरी बसू द्या. आणि ती उठून जाण्याआधी तिचं मत विचारा.