खंडेनवमीला पुसलेल्या प्रश्नपत्रिका

कोडोलीच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो. पोरं वाट्टेल ते बिघडवून ठेवतात, म्हणून मी माझ्या टेबलावरच्यासकट सगळ्या कॉम्प्युटरांत एक सॉफ्टवेअर घातलंय. बंद करून चालू केलं की नवं काम पुसलं जातं आणि सगळं पहिल्यासारखं होतं.

नववीतली निशिगंधा आपलं काम टिकावं म्हणून ते सॉफ्टवेअर गुपचूप थांबवायची. मला कळल्यावर मी त्याला पासवर्ड टाकला आणि तिला महिनाभर लॅबमध्ये यायला बंदी केली.

"मग काम ठेवायचं कुठं, सर?"

"तुझं तू बघ!" मी खेकसलो.

सहामाहीच्या प्रश्नपत्रिका मी माझ्या कॉम्प्युटरवर तयार केल्या. आठवडाभर तो बंदच केला नव्हता. खंडेनवमीला शिपाई अण्णाप्पांनी रीतीप्रमाणे सगळे कॉम्प्युटर बंद करून हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

दसऱ्यानंतर चालू केला, तर एकही प्रश्नपत्रिका नव्हती. मी निशिगंधाला बोलावून घेतलं.

"परत आणता येतील?"

"न्हाय सर. आता कुणालाच न्हाय."

"आत येऊन बघ तरी."

ती लॅबच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बंदीचे चार दिवस राहिल्यात, सर."