काठोकाठ भरलेल्या बाटल्या

सकाळची होडी धक्क्याला लागली की ती पायरीवर पेटी उघडून बसायची. दीर एकेक बाटली तिच्या हाती द्यायचा.

"घ्या वहिनी, तुमचं पाणी. काठोकाठ. दूधवाल्यानं शिकावं माझ्याकडून."

सारा किनारा तिला पाणीवाली म्हणे. समुद्रात काय विरघळतं, त्यावर तळचे जीव कसे जगतात, हे शोधण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. दूरदूरचे अभ्यासक तिच्या नोंदींवर विसंबत. दोरीनं सोडलेल्या यंत्रानं तळाचं पाणी वर काढायचं, बाटलीत भरायचं आणि तिथल्या तिथे त्यात दोन औषधं घालायची. पाण्यात प्राणवायू असला तर बाटलीच्या बुडाशी तपकिरी साका धरतो, नसला तर पांढरा. मात्र हवेचा एक बुडबुडाही आत राहता कामा नये.

नवरा होता तोवर तो वल्हं मारी, ती पाणी काढी. तापानं तो गेला आणि किनाऱ्याची रीत आडवी आली. विधवेचा पाय लागलेली होडी परत येत नाही म्हणे. पाय तेच होते, होडीही तीच. तिच्या ओठांवर उत्तर होतं, पण सासूबाईंनी पदर पसरला.

"माझा एकच उरलाय गं. त्याच्या होडीत नको चढूस."

त्या मायेपुढे तिचं शास्त्र मुकं झालं. तिनं दिराला सारं शिकवलं आणि आपण किनाऱ्यावर बसली.

नवरा गेल्यावर होडी बंद झालेल्या बायकांना चिखल तेवढा मोकळा होता. सासूबाई आणि त्यांच्यासारख्या साऱ्याजणी ओहोटीला खाडीत शिंपले वेचत, त्यावर पोट भरत. वाकल्या वाकल्या गात,

भरतीला सारे सगे, ओहोटीला कोण गं,
चिखलात हात माझा, चिखलातच सोनं गं.

त्या वर्षी होतं नव्हतं ते घालून त्यांनी पेरणीला बारीक शिंपले आणले. टाकण्याआधी पाणीवालीला विचारलं. तिनं बाटल्या उजेडात धरल्या. साका तपकिरी होता.

"पाणी चांगलं आहे. पेरा," ती म्हणाली.

मोठ्या भरतीबरोबर बाहेरचं तळपाणी खाडीत शिरलं आणि ओसरलं तेव्हा सारा चिखल उघड्या तोंडांच्या शिंपल्यांनी भरलेला होता. वास घराघरांत गेला. कुणी तिला बोल लावला नाही. सासूबाई नुसत्या कडेला बसून रिकामी टोपली झटकत राहिल्या.

तिनं दिराला बोलावलं. म्हणाली, भाऊजी, पाणी कसं भरता ते एकदा मला दाखवा. त्यानं धक्क्याला बांधलेल्या होडीत उभं राहून दाखवलं. होडी डोलली, निम्मं पाणी सांडलं. मग सवयीनं वाकून त्यानं ओंजळभर वरचं पाणी घेतलं, बाटली काठोकाठ केली, आणि औषधं घातली.

तिचा चेहरा पाहून तो चाचरला. "तुम्हीच म्हणाला होता ना वहिनी, बुडबुडा नको?"

वरचं पाणी वाऱ्याशी खेळतं, त्यात प्राणवायू असतोच. तळ गुदमरत होता आणि वरची ओंजळ त्याची खुशाली सांगत होती.

ती नोंदी जिथे पाठवी त्या संस्थेतल्या वडीलधाऱ्यांनी तिला हळूच सुचवलं, यंत्रात बिघाड होता असं कळवा, तुमच्या नावाला बट्टा लागणार नाही. नवरा गेल्यापासूनच्या साऱ्या नोंदी तिनं त्यांच्यासमोर रद्द केल्या.

"यंत्र बरोबर होतं," ती म्हणाली. "मी किनाऱ्यावर होते."

"का पण?"

"माझा नवरा वारला म्हणून."



दुसऱ्या सकाळी ती पेटी घेऊन होडीपाशी गेली. दिरानं आईकडे पाहिलं. सासूबाई पुढे आल्या. तिला वाटलं, आता हाताला धरून मागे ओढतील. त्यांनी तिच्या हातातली पेटी घेतली, होडीत ठेवली, आणि कित्येक वर्षांत न उचललेला स्वतःचा पाय आत टाकला.

"आता खाली काय उरलंय गं मोजायला?" त्यांनी विचारलं.

"आपल्याला किती उशीर झाला ते."

दिरानं वल्हं मारलं. त्या दिवशी कुणी गायलं नाही. तिनं आपल्या हातानं तळाचं पाणी भरलं, औषधं घातली, बाटली सासूबाईंच्या हाती दिली. म्हातारीनं ती दोन्ही हातांनी धरली, मेलेलं लेकरू धरावं तशी.

साका हळूहळू खाली बसला. पांढरा.