तोक्तोसुन आकेंची काठी

"अजून एकच फोटो!" लाल टोपीवाल्या बाईंनी बोट वर केलं आणि त्या पुन्हा भट्टीवर वाकल्या. आतल्या भिंतीला थापलेल्या रोट्या फुगत होत्या. रोट्या काढणाऱ्या बाईचे हात पोळत होते, तरी ती बिचारी दर रोटीला मान वर करून हसत होती. मी घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजले होते.

बसच्या दाराशी आमचे ड्रायव्हर तोक्तोसुन आके आधीच पुसलेली काच पुन्हा पुसत होते. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही आके म्हणतो. इसिक-कुल सरोवराच्या काठाने परदेशी पाहुण्यांना फिरवण्यात त्यांची वीस वर्षं गेली. या वीस वर्षांत त्यांचा एकही फोटो कुणी काढला नसेल, कारण फोटोच्या वेळी ते बाजूला व्हायचे.

परवा त्यांचे थोरले भाऊ गेले. आज दोन वाजता कारा-बुलाकला माती होती. रजा मागितली तर आमचे साहेब फोनवर म्हणाले, "रस्ता तर तुझ्याच गावावरून जातो. दहा मिनिटं उतर की!" एवढं मोठं मन दाखवून त्यांनी फोन ठेवला.

"आके, मी सांगते ना यांना," मी सकाळी म्हणाले होते.

"नको गं पोरी. लांबून आलेली माणसं. त्यांच्या तोंडात कडू घास कशाला? पोचतो आपण. फक्त जास्त थांबवू नकोस. भावाला मूठभर माती दिली की झालं माझं."

मला तेवढंच हवं होतं. सहल संपली की पाहुणे एक कागद भरतात. मार्गदर्शक हसतमुख होती का, असा त्यात एक प्रश्न असतो आणि माझं पुढच्या उन्हाळ्याचं काम त्यावर ठरतं. आकेंनी नको म्हटलं आणि मी सुटले. आज त्याची लाज वाटते.

भट्टीवरून निघालो तर शेतात बटाटे काढणाऱ्या बायका दिसल्या. थांबा! गोठ्याच्या छपरावर गवत रचलेलं होतं. थांबा! रस्त्यात मेंढ्या आडव्या आल्या. मेंढ्यांसाठी थांबावंच लागतं, पण त्या निघून गेल्यावर आमचे पाहुणे त्यांच्या मागे गेले. दर वेळी मी गोड आवाजात "पाच मिनिटं हं" म्हणायचे आणि वीस जायची. यांना आमचं रोजचं जगणं बघायचं होतं. ते तर पुढच्या सीटवर बसून बस चालवत होतं.

"दीड वाजला, आके."

"दिसतंय मला."

"हॉर्न द्या ना एकदा."

त्यांनी हॉर्नवर हात ठेवला, मग काढून घेतला. "पाहुण्यांना हाकारायचं? मेंढरं आहेत का ती?"

कारा-बुलाकला पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. "तंबू! खरा तंबू!" मागून एकच गलका झाला. आमच्याकडे सगळे विटांच्या घरात राहतात. अंगणात लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू उभा राहतो तो एक तर लग्नाला, नाही तर मरणाला. तंबूबाहेर मयताच्या नात्यातले, कमरेला पट्टे बांधलेले पुरुष काठ्यांवर ओणवे होऊन ओळीने उभे होते. पाहुण्यांना ती जत्रा वाटली.

टेकडीवरून माणसं परतत होती. बुटांना ओली माती होती आणि एकजण किटलीतून सगळ्यांच्या हातांवर पाणी घालत होता. आकेंनी ते पाहिलं.

तरी ते धावले. भावाच्या दारात भावाने तसंच यायचं असतं, लांबून धावत, मोठ्याने रडत. "माझा डोंगर गेला रे! दादा रे, माझा डोंगर गेला!" अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अंगात कंपनीचं निळं जाकीट. ओळीतल्या पुरुषांनी एका आवाजात साथ दिली आणि तंबूतून बायकांचा विलाप वर चढला.

माझ्या मागे कॅमेरे चालू होते. आवाज खाली आला आणि टाळ्या पडल्या.

"किती सुंदर!" लाल टोपीवाल्या बाईंचे डोळे भरले होते. "हे खास आमच्यासाठी ठेवलं होतंत?"

मी हसले. हसतमुख मार्गदर्शक!

चुलतभावाने आकेंच्या कमरेला पट्टा बांधला आणि हातात काठी दिली. "सकाळपासून ठेवलीय तुझी. तुझ्या वाटची माती पण बाजूला ठेवली होती रे. किती थांबणार? शेवटी आम्हीच लोटली." मग त्याने आमच्याकडे पाहिलं. "पाहुणे आलेत का तुझे? त्यांना आधी आत बसव. मांस गरम आहे."

दारात आलेल्याला जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही, ते घर कसलंही असो. आमचे अठरा पाहुणे पोटभर जेवले. तेवढा वेळ आके ओळीत उभे होते. खरं तर सख्ख्या भावाने दिवस मावळेपर्यंत उभं राहायचं असतं. हॉटेलात सहाला पोचायचं होतं. मीच गेले.

"आके, निघायला हवं."

त्यांनी काठी तंबूला टेकवली आणि ते बसमध्ये चढले.

"त्यांना विचार ना," लाल टोपीवाल्या बाई मागून म्हणाल्या, "पुन्हा एकदा करतील का? सुरुवातीचं चित्रण राहिलं माझं."

"काय म्हणतायत?" आकेंनी विचारलं.

"गाव आवडलं म्हणतायत."

"हं." वीस वर्षांत पाहुण्यांची तेवढी भाषा त्यांना कळायला लागली होती.

कमरेचा पट्टा न सोडता त्यांनी त्यावरूनच सीटचा पट्टा लावला आणि बस सुरू केली. बाजूच्या आरशात ओळ दिसत होती. माणसं सरकून जवळ आली नव्हती. मधल्या मोकळ्या जागेत आकेंची काठी तंबूला टेकून उभी होती.