सहाव्या आणि सातव्या खुणेमधलं अंतर

विज्ञानाच्या बाई कडक होत्या, आणि पोटच्या पोरीशी तर त्याहून कडक. जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं, पण बाईंच्या वर्गात नेमकं उलटं चालायचं. मुलगी चौथीत त्यांच्याच वर्गात आली तेव्हाच त्यांनी तिला बजावलं होतं, "घरी मी आई, शाळेत बाई. तिथे लाड नाहीत." शिक्षकखोलीत कोणी म्हणायला नको की आईनेच मार्क वाटले. मग झालं असं, की दुसऱ्याच्या मुलाला जिथे 'शाब्बास' मिळे तिथे या पोरीला 'ठीक' मिळे, आणि 'ठीक'च्या जागी फुली.

पोरगी दहा वर्षांची, काटकुळी, ताठ, आणि जे दिसेल ते मोजणारी. बाकाची लांबी, मैत्रिणीची वेणी, मुंगीला भिंत चढायला लागणारा वेळ. वर्गाने तिचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. तिला वाटायचं ते एकच, बाईंनी एकदा तरी तिच्या वहीवर बरोबरची खूण करावी. आता यात काय मोठं मागणं होतं, सांगा!

त्या महिन्यात धडा आला गतीचा. धडा पुस्तकातून वाचून दाखवायचा आणि हात झटकायचे, अशातल्या बाई नव्हत्या. शाळेच्या मागच्या बाजूला एक लांब व्हरांडा होता. तिकडे फक्त मोडकी बाकं ठेवायच्या खोल्या, त्यामुळे जाग नसायची. बाईंनी तिथे फरशीवर खडूने सरळ रेघ मारून घेतली आणि दर मीटरला एक अशा दहा खुणा केल्या. प्रत्येक खुणेपाशी एक मूल आणि त्याच्या हातात स्टॉपवॉच. टाळी वाजली की सगळ्यांनी घड्याळं सुरू करायची, एकाने रेघेवरून चालत यायचं, आणि त्याचं पाऊल आपल्या खुणेवर पडलं की आपलं घड्याळ बंद. डोळा फक्त आपल्या खुणेवर ठेवायचा, इकडेतिकडे बघायचं नाही. नोंद पेनाने करायची, खोडरबर बंद. आणि एखादी नोंद बाकीच्यांपासून फारच फटकून आली, तर ती चुकीची समजून वगळायची.

हा शेवटचा नियम बाईंचा स्वतःचा. तीस पोरांच्या तीस चुका निस्तरत बसलं तर धडा संपायचा कधी?

पहिल्याच दिवशी सातव्या खुणेची नोंद फटकून आली. चालणारा सहा खुणांपर्यंत सेकंदाला एक मीटर असा छान येत होता. सातवीला मात्र सातच्या जागी दहा सेकंद. सातव्या खुणेवर होता पेंगूळ. हा मुलगा उभ्या उभ्या झोपायचा, प्रार्थनेतसुद्धा. बाईंनी त्याचा कान धरला.

"मी जागा होतो, बाई!" तो कळवळून म्हणाला.

"हो, हो. आणि मी पऱ्यांची राणी."

वर्ग खो खो हसला. पण आठवी, नववी, दहावी या खुणाही तीन-तीन सेकंद उशिरा होत्या. त्यालाही बाईंकडे उत्तर होतं. हा त्याच्याकडे बघतो, तो याच्याकडे, मेंढरं कुठली! त्यांनी सातव्या खुणेवर दुसरं मूल उभं केलं. पुन्हा तेच. घड्याळ बदललं. पुन्हा तेच. मग त्यांनी सातवीपुढच्या सगळ्या नोंदी वगळल्या, सहा खुणांवर सरासरी काढली आणि फळ्यावर लिहून टाकली. तिसऱ्या बाकावर फूटपट्टीचा हात वर झाला होता. बाईंनी तो पाहिला आणि तास संपवला.

त्यानंतर मधल्या सुट्टीत तिघं मागच्या व्हरांड्यात दिसू लागली. फूटपट्टी, पेंगूळ आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे वर्गातली सगळ्यात जोरात पळणारी मुलगी. हिच्या पायाला भिंगरी होतीच, म्हणून नावही तेच. आठवडाभर डबे अर्धे टाकून ती तिघं काहीतरी मोजत होती. शुक्रवारी फूटपट्टीने वही बाईंच्या टेबलावर ठेवली. अक्षर मोत्यासारखं, रकाने पट्टीने आखलेले.

'रेघेवरून हळू चालले तर तीन सेकंद जास्त. भरभर चालले तर अकरा. भिंगरी अर्धवट पळाली तर चाळीस. चालणाऱ्याच्या हातातल्या घड्याळात मात्र सहाव्या ते सातव्या खुणेला एकच सेकंद किंवा त्याहून कमी. रेघेच्या बाजूने चालले तर काहीच फरक नाही. उलट्या दिशेनेही नाही. निष्कर्ष : जो जोरात जातो तो उशिरा पोचतो. थोडे जोरात गेले तर थोडे जास्त नाही, फारच जास्त. पूर्ण पळाले तर अंदाजे चार मिनिटे. हे अजून केलेले नाही.'

बाईंनी लाल पेनाने आडवी फुली मारली आणि खाली लिहिलं, 'निरीक्षण चुकीचे. पुन्हा घ्या.'

त्या संध्याकाळी घरी भांडी पुसता पुसता पोरगी म्हणाली, "आई, तू एकदा येऊन बघ ना."

"शाळेचं शाळेत."

"शाळेत तू ऐकतच नाहीस."

"अगं, जोरात जाणारा उशिरा पोचतो हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? पेपरात असं लिहिलंस तर हसतील लोक. म्हणतील, बाईंचीच मुलगी आणि हा उजेड!"

पोरगी एकच ताटली बराच वेळ पुसत राहिली. बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि न बोललेल्या मायेचा मुलांना काय उपयोग? त्यांना थोडंच मनातलं वाचता येतं!

सोमवारी बाई सगळा वर्ग घेऊन व्हरांड्यात गेल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला, एकदाच सगळ्यांसमोर दाखवून द्यावं आणि हे खूळ संपवावं. पेंगूळला त्यांनी सहाव्या खुणेवर हलवलं आणि सातवीवर स्वतः उभ्या राहिल्या. ऊन चांगलं वर आलं होतं. व्हरांडा स्वच्छ उजेडात होता. तरी एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. सगळ्या फरशीवर धुळीचा थर होता, पण रेघेवर सहा आणि सातच्या मध्ये धूळ नव्हती. तिथला खडूही ताजा दिसत होता, आत्ताच ओढल्यासारखा.

"पळ गं अर्धवट," त्यांनी भिंगरीला सांगितलं आणि टाळी वाजवली.

भिंगरी निघाली. बाईंनी स्वतःचाच नियम मोडला, खुणेवर न बघता भिंगरीकडे बघितलं. पाचवी खूण. सहावी. भिंगरीचं पाऊल सहावीवर पडलं आणि पुढचं पाऊल कुठेच पडलं नाही.

रेघ रिकामी होती. तिच्यापलीकडे पेंगूळ उभा होता, आणि मध्ये नुसती फरशी. चपलांचा आवाजही अर्ध्यावर तुटला होता. बाईंच्या हातातलं घड्याळ मुकाट चालत होतं. दहा, वीस, तीस. पोरं जागच्या जागी उभी होती. मग चाळिसाव्या सेकंदाला बाईंच्या अगदी पायाशी चप्पल वाजली आणि भिंगरी त्यांच्यावर येऊन आदळली.

"किती झाले?" तिने हसत विचारलं. तिला काही झालंच नव्हतं.

बाईंनी तिचा दंड चाचपून पाहिला. ऊबदार होता. त्यांची पाचावर धारण बसली होती.

फूटपट्टी पहिल्या खुणेपाशी उभी होती. तिथूनच तिने विचारलं, "बाई, आता बरोबर आहे ना? आता फुली काढाल?"

बरोबर आहे म्हटलं असतं तर काय गेलं असतं? दोन शब्द. पण बाई भ्यायल्या होत्या, आणि भ्यालेलं माणूस आधी डोळ्यांना खोटं पाडतं. त्या ओरडल्या, "काही बरोबर नाही! सगळे थेट वर्गात चला. या व्हरांड्यात परत कोणी पाऊल टाकायचं नाही."

पोरीचा चेहरा पडला. "तुम्ही बघितलंत, बाई. तुम्ही स्वतः बघितलंत." मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग मी पूर्ण पळते. तेवढीच एक नोंद राहिलीये."

"थांब!" बाई म्हणाल्या, पण टाळी तिने स्वतःच वाजवली होती. बाईंचा अंगठा सवयीने घड्याळावर दाबला गेला. पोरगी डोकं खाली घालून पळाली. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी खूण. आणि नाही.

मिनिट गेलं. बाई सातव्या खुणेवर उभ्या. दोन मिनिटं झाली.

"येईल ती, बाई," पेंगूळ पलीकडून म्हणाला. वही त्याच्या हातात होती आणि आज तो टक्क जागा होता. "इथे लिहिलंय. चार मिनिटं, अंदाजे. आपण फक्त थांबायचं."

तीन मिनिटं. बाईंनी हात पुढे करून रेघेवरची हवा चाचपली. हवा हवेसारखीच होती, आणि तेच भयंकर होतं. साडेतीन. त्या सातवीवरून सहावीकडे चालत गेल्या, खाली बसून फरशीवर तळहात फिरवला. गार फरशी, बाकी काही नाही. चार मिनिटं झाली. चार मिनिटं, पाच सेकंद. रेघ रिकामीच.

चार मिनिटं 'अंदाजे' म्हणजे किती, हे तीस पोरांना शिकवणारी बाई होती ती. पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे, एवढं तर कोणीही धरतं. पण त्या घटकेला तिथे शिक्षिका उरलीच नव्हती. एकच विचार डोक्यात होता, की माझी पोर तिकडे एकटी आहे, आणि मी तिला खोटं पाडून पाठवलंय.

बाईंनी चपला काढून फेकल्या, पदर खोचला आणि पहिल्या खुणेकडे गेल्या. कॉलेजात शंभर मीटरला त्या कधी दुसऱ्या आल्या नव्हत्या. ते त्या विसरल्या होत्या, पाय विसरले नव्हते.

"बाई, हळू!" पेंगूळ किंचाळला. "बाई, वही वाचा! हळू चाला!"

मग सगळा वर्गच ओरडायला लागला, हळू, हळू, आणि बाई जीव तोडून पळत सुटल्या.

सहावी खूण पायाखालून गेली. ओरडा थांबला. सातवी खूण आली.

बाई धापा टाकत थांबल्या. व्हरांडा तोच होता, पण भिंती वेगळ्याच रंगाच्या होत्या आणि छतही नवं होतं. मोडकी बाकं नव्हती, पोरं नव्हती. खडूची रेघ मात्र होती, तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा घातलेला. सातव्या खुणेजवळ खुर्ची टाकून चाळिशी उलटलेली एक स्त्री बसली होती. काटकुळी, ताठ, डोळ्यांवर चष्मा. मांडीवर जाड वही. ती एकदम उभी राहिली आणि वही खाली पडली.

"माझी मुलगी," बाई म्हणाल्या. "आत्ता इथून पळत गेली. दहा वर्षांची आहे. कुठे बाहेर आली?"

त्या स्त्रीने सातव्या खुणेकडे बोट दाखवलं. "इथेच," ती म्हणाली. "तू आत गेलीस आणि मी सहा सेकंदांनी बाहेर आले. तुझ्या चपला इथे पडल्या होत्या."

बाईंनी हातातलं घड्याळ पाहिलं. ते अजून चालू होतं. चार मिनिटं, तेरा सेकंद.

"किती..." त्यांना पुढे विचारवेना.

"एकतीस वर्षं झाली गं." ती स्त्री हसायचा प्रयत्न करत होती, आणि ते काही जमत नव्हतं. "तुला शोधायला हळू चालत कितीदा आत गेले. दर वेळी तीन सेकंदांनी इकडे, आणि तू नाहीस. पळत जायची हिंमत नाही झाली. वाटायचं, तू बाहेर येशील आणि इथे कोणीच नसेल. मामाकडे वाढले. याच शाळेत लागले, म्हणजे रोज बसता येईल म्हणून."

छत्तीस वर्षांच्या बाई एक्केचाळीस वर्षांच्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. पोरीचं पाचवीत जाणं, तिचा ताप, तिचं रडणं, तिचं मोठं होणं, सगळं एका पावलात मागे पडलं होतं. त्यांना रडू आलं ते आवाज न होता आलं. त्यांचा हात आपोआप पुढे झाला, दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्याच्या उंचीवर, आणि तिथे कोणीच नव्हतं.

हात तसाच हवेत राहिला. मग ती उंच स्त्री चष्मा काढून गुडघ्यांवर बसली आणि हाताखाली डोकं आणलं. केस राठ होते, निम्मे पांढरे.