एकवीसवर थांबलेला आकडा

वना तायडे आणि जीवराम हे दोघे एकाच दुपारी, रावेरच्या एका केळीच्या वखारीत वारले. वखारीची हवाबंद खोली केळी पिकवण्यासाठी होती. अशा खोलीत घडांची थप्पी लावून दार बंद केलं की केळी आतली हवा हळूहळू खाऊन टाकतात. वास येत नाही, धूर दिसत नाही. आत शिरलेला माणूस दोन-चार पावलं चालतो आणि गुडघ्यांवर बसतो. जीवराम घड बघायला आत गेला आणि बाहेर आला नाही. वना त्याला आणायला धावला. दोघं सापडले तेव्हा जीवरामच्या बगलेखाली वनाचे हात तसेच अडकलेले होते, आणि दार अगदी जवळ होतं.

वना त्या वखारीत यंत्रांची देखभाल करायचा. शेजारच्या वखारीत एक मजूर बेशुद्ध पडला, तेव्हा त्यानेच शेठला सुचवून आतली हवा मोजायची सोय केली होती. मुंबईहून प्राणवायू मोजणारा सेन्सर आणला. एका शाळेने मोडीत काढलेला, टीव्हीला जोडायचा 'बीबीसी' नावाचा जुना घरगुती कॉम्प्युटर मिळवला. या दोन्हींच्या मध्ये लागणारा डबा स्वतः बनवला. सेन्सरकडून येणारा बारीकसा विजेचा दाब वाढवून कॉम्प्युटरला द्यायचा, एवढंच त्या डब्याचं काम. कार्यालयातल्या टीव्हीवर आकडा यायचा. एकवीसच्या आसपास असला की हवा चांगली. खाली गेला की भोंगा वाजायचा.

त्या दिवशी भोंगा वाजला नाही. पोलिसांचा पंचनामा झाल्यावर शेठने तो डबा सेन्सरसकट वनाच्या घरी धाडून दिला आणि सगळीकडे सांगायला सुरुवात केली की तायडेच्या डब्यानेच दोन जीव घेतले.

मरणानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर वनाची बायको इंदिराबाई तो डबा, सेन्सर आणि त्याची वायर पिशवीत घालून धुळ्याला आली. वना ज्या तंत्रनिकेतनात शिकला, तिथल्या पितांबर सरांना तिला भेटायचं होतं. वना त्यांचा आवडता विद्यार्थी होता. इंदिराबाईने पिशवी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की लोक म्हणतात ते खरं की खोटं, एवढंच तिला हवं आहे. आतल्या जोडणीचा नकाशा नव्हता. कुणी नक्कल करू नये म्हणून वनाने आतल्या चिपांवरचे नंबरही कानशीने घासून काढले होते.

सरांनी तिला सांगितलं की आत काय आहे ते उलट्या वाटेने शोधावं लागेल. त्यांच्या मनात निकाल आधीच लागला होता. वनाचं काम चुकणार नाही. सेन्सरची वायर ओढली गेली असेल, कुणीतरी भोंगा बंद केला असेल. ते सिद्ध करायचं, म्हणजे झालं.

प्रयोगशाळेतही तसाच एक कॉम्प्युटर होता. सरांनी डबा त्याला जोडला आणि छोटासा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर एकवीस आलं. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी सेन्सर काचेच्या बरणीत ठेवला, आत मेणबत्ती पेटवली आणि झाकण घट्ट लावलं. ज्योत बारीक होत विझली. आकडा एकवीसच राहिला. सरांनी झाकण पुन्हा दाबून बघितलं. शेवटी त्यांनी सेन्सरची वायरच डब्यातून उपसून काढली. तरी एकवीस.

इंदिराबाई मागे स्टुलावर बसली होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सरांची पाठ तिला दिसत होती.

डबा उघडून सर कामाला लागले. आतली सर्किटची पाटी उजेडासमोर धरून तांब्याची एकेक रेघ कागदावर उतरवायची, मीटर लावून कुठलं टोक कुठे जातं ते बघायचं, चिपेचा नंबर नसला तरी तिच्या पायांवरून ती काय आहे ते ओळखायचं. दाब वाढवणारा भाग नीट होता, भोंग्याचा भागही नीट होता. मग ते सेन्सरच्या सॉकेटपाशी आले. त्याच्या मागची तार कापलेली होती. तिच्या जागी कापडी चिकटपट्टीत गुंडाळलेला एक पेन्सिल सेल होता आणि त्याला दोन रेझिस्टर लावले होते. सेन्सरने चांगल्या हवेत जेवढा दाब द्यायचा, बरोबर तेवढा दाब तो सेल देत होता. कायम.

सोल्डरचा डाग वनाच्याच हाताचा होता. रेझिस्टरचा पाय डाग देण्याआधी हुकासारखा वळवायचा, हे सरांनीच त्याला शिकवलं होतं.

सरांनी चष्मा काढून ठेवला. सांगू नये असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण ती बाई दीडशे किलोमीटरवरून नुसतं सांत्वन घ्यायला आली नव्हती. त्यांनी तिला जवळ बोलावून सेल दाखवला आणि जे होतं ते सरळ सांगितलं. डबा हवा मोजतच नव्हता. आणि ते वनाला माहीत होतं.

इंदिराबाईने त्या सेलवरून बोट फिरवलं. मग हळूहळू बोलू लागली. दिवाळीपासून सेन्सर संपत आला होता. हवा चांगली असली तरी भोंगा वाजायचा आणि माल भरायचं काम थांबायचं. नवा सेन्सर परदेशातून यायचा होता. वनाने शेठला सांगितलं तेव्हा शेठ म्हणाले, तोवर त्या भोंग्याचं तोंड बंद कर. वना घरी येऊन ताटावर नुसता बसून राहायचा. विचारलं की म्हणायचा, सेन्सर आला की सगळं ठीक होईल.

"म्हणून तो धावला, सर," ती म्हणाली. "आकडा खोटा आहे हे फक्त त्यालाच माहीत होतं."

सर अहवाल लिहायला बसले, तेव्हा त्यांनी तिला विचारलं की सेलचं लिहू का. ती म्हणाली, सगळं लिहा. आणि फागण्याला सोबत चला, लिलाबाईला कागदावरून कळायला नको.

लिलाबाई ही जीवरामची बायको. फागणे धुळ्यापासून जवळ. जीवरामला रावेरला कामाला वनानेच नेलं होतं. दोन्ही घरांचं येणंजाणं होतं. लिलाबाईने इंदिराबाईला बघताच गळ्यात पडून रडून घेतलं, पाणी दिलं, चहा ठेवला. चहा उकळत असतानाच इंदिराबाईने सांगितलं. कुठेही आडपडदा ठेवला नाही. शेठचं सांगितलं, तसंच वनाचंही.

लिलाबाईने स्टोव्ह बंद केला.

"मना माणूस घर उना की सांगे," ती म्हणाली, "वनाभाऊ म्हणस, आत जावाना आगोदर दार येळभर उघडं ठेव. इतलं सांगं त्यानी. का, ते नई सांगं. ते सांगं असतं, तर तो आकडा देखीसन आत गया नसता."

त्या दिवशी ट्रक दारात उभा होता, सगळे घाई करत होते, वना दुसऱ्या खोलीत होता, हे इंदिराबाईला ठाऊक होतं. पण ते तिने सांगितलं नाही.

"त्याले काढाले तो गया, हाई मी इसरणार नई," लिलाबाई म्हणाली. "पण आते तू जाय. मना दारले परत नको येजो."

सरांचा अहवाल चौकशीसाठी जळगावच्या कचेरीत पोचला. शेठच्या वकिलाने तोच हातात धरला. सेल तायडेने लावला, हे तायडेच्याच गुरूने लिहून दिलंय, मग शेठचा संबंध काय? शेठ म्हणाले, मला यंत्रातलं काही कळत नाही. तोंड बंद कर असं ते म्हणाले तेव्हा तिथे वनाशिवाय कुणी नव्हतं. प्रकरण अपघात म्हणून मिटलं. वखार केळीच्या हंगामाआधी पुन्हा सुरू झाली. नवा सेन्सर आला की नाही, कुणी विचारलं नाही.

त्याआधी, जबानीच्या दिवशी दोन्ही बायका जळगावला आल्या होत्या. साक्ष देताना दोघींनीही खऱ्यात एका शब्दाचा फरक केला नाही. शेठबद्दल इंदिराबाईने सांगितलं, वनाबद्दल लिलाबाईने. दुपारी कचेरीच्या व्हरांड्यात दोघींनी आपापली भाकरी सोडली. बाकाच्या या टोकाला एक, त्या टोकाला दुसरी. पितांबर सर मध्ये उभे होते. संध्याकाळच्या धुळे गाडीत तिघंही चढले. रावेरचं घर सोडून इंदिराबाईला आता धुळ्याला माहेरीच राहावं लागत होतं. फागण्याच्या फाट्यावर लिलाबाई उतरली. इंदिराबाईने खिडकीतून तिच्याकडे पाहिलं. लिलाबाईने पदर डोक्यावर नीट घेतला आणि गावाकडे चालू लागली.