लाल रुमाल आणि कोकजाल काका

आमच्या नारीनच्या खोऱ्यात तेव्हा बर्फ पडला की लांडगे खाली उतरायचे, आणि त्यांतले काही दोन पायांवर चालायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बर्फात एकट्या भेटलेल्या पुरुषाशी कुणी बोलत नसे. मी बोलले.

माझी आजी कालिचा, वडिलांची आई, घरातल्या प्रत्येकाशी भांडून वर मेंढवाड्याजवळ नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तंबूत एकटी राहायची. आई तिच्यासाठी उकडलेलं मटण आणि रोटी बांधून माझ्या हाती द्यायची आणि बजावायची, म्हातारी जे बोलेल ते तिथंच टाकून ये. आजी गाठोडं सोडायच्या आधीच आईच्या मिठाला नावं ठेवायची. मला तिनं एक लाल रुमाल दिला होता, स्वतः रंगवलेला. बर्फात मेलीस तर प्रेत सापडायला बरं, असं म्हणून.

तो भेटला अर्चा नावाच्या डोंगरी झुडपांपाशी. राखाडी कातड्याचा कोट, पिवळट डोळे. मागच्या टेकडीवरून पंज्यांचे ठसे उतरत आले होते आणि माझ्यासमोर येईपर्यंत त्यांच्या बुटांच्या खुणा झाल्या होत्या. गाठोड्यात काय आहे, त्यानं विचारलं.

"मटण. तुझ्यासाठी नाही."

"मी शिळं खात नाही," तो म्हणाला.

मला हसू आलं. तिथंच सगळं बिघडलं.

त्या हिवाळ्यात मी इतक्या वेळा वर गेले की आईला वाटलं, माझं आजीशी गूळपीठ जमलं. मी त्याला कोकजाल म्हणायचे, म्हणजे राखाडी आयाळीचा. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो झोपायचा आणि झोपेत त्याचे पाय पळत राहायचे. आमची गाभण घोडी त्यानंच फाडली, हे कळलं तेव्हा मी त्याच्या तोंडावर थुंकले. त्यानं ते पुसलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. माझा त्याच्यावर जीव होता आणि त्याची किळसही होती, दोन्ही एकाच वेळी.

मग एका दुपारी तो म्हणाला की आज तो मला नेणार. पण त्यांच्यात मुलगी नेताना मागून हाक मारणारं कुणी ठेवत नाहीत. मी जन्मल्यावर जिनं मला पहिली आंघोळ घातली, तिची हाक मला परत ओढेल. तिला आधी खावं लागेल.

"आजीची हाक?" मी म्हणाले. "ती मला फक्त शिव्या देते."

"तीच."

मी सांगितलं, तिला बोट लावलंस तर तुझं कातडं जाळून टाकीन.

"जाळशील," तो म्हणाला. "आणि मग माझ्या मागं येशील."

हे खरं असेल, याचाच मला संताप आला. तो चार पायांवर कड्यावरून निघाला. मी पायवाटेनं धावले. तिला वाचवायचं होतं, आणि त्याला गमवायचं नव्हतं.

तिथं दोन रीती आडव्या येत होत्या. चूल पेटलेल्या तंबूत लांडग्याला लांडगा म्हणून शिरता येत नाही. कातडं उंबऱ्याबाहेर उतरवावं लागतं, आणि आत माणूस म्हणून शिरलं की माणसांचा कायदा लागतो. आमचा कायदा असा, की बाईच्या छातीला ज्याचे ओठ लागले तो तिचा मुलगा. मग तो तान्हा असो की दाढीवाला, दूध येवो न येवो. रक्ताची वैरं आमच्याकडे अशी मिटलेली आहेत.

मी पोचले तेव्हा कोट उंबऱ्याबाहेर पडला होता, अजून गरम. तो उचलून मी आत शिरले.

आजी चुलीपाशी बसली होती. अंगरख्याचा गळा फाटलेला, छातीवर दातांची जखम, रक्त मांडीपर्यंत ओघळलेलं. तो समोर गुडघ्यांवर होता आणि लाल झालेलं तोंड पुन्हापुन्हा पुसत होता.

"पडदा लाव, गारठा येतोय," आजी म्हणाली. "गळ्यावर झेपावला. मी गळा फाडला अंगरख्याचा आणि उंच झाले. जिथं तोंड लागायला हवं तिथं लागलं."

"दूध नव्हतं," तो गुरगुरला. "रक्त होतं."

"माझ्या सगळ्या पोरांनी रक्तच प्यायलंय. तुझ्यात नवीन काय? नीट बस. आईसमोर असं रांगतात?"

मग ती माझ्याकडे वळली. "जिपार, काकाला सलाम कर."

तुला आधीपासून ठाऊक होतं का, मी विचारलं.

"लाल रंग लांबून दिसतो, पोरी. म्हणून तर दिला."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कायदा मोडावा, मला ओढून न्यावं, म्हातारी बोंबलत राहू दे, असंच तेव्हा मनात होतं. तो उठला आणि बोटाला बोट लागणार नाही, अशा बेतानं त्यानं माझ्या हातातून कोट घेतला.

त्यानंतर आमच्या कळपातली मेंढी कधी गेली नाही. शेजाऱ्यांच्या जात राहिल्या. माझ्या लग्नात तो काकांच्या रांगेत बसला, काकाच्या वाट्याचं मांस खाल्लं, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला की पोरीला जपा. आजीशी मी पुढं कित्येक वर्षं बोलले नाही. माझ्या गैरहजेरीत ती आईच्या मिठाबरोबर माझ्याही मिठाला नावं ठेवायची, असं ऐकलं.

ती गेली तेव्हा माझी मुलं घोड्यावर बसायला लागली होती. आमच्यात मुलगे तंबूबाहेर काठीवर वाकून हंबरडा फोडतात. माझ्या वडिलांच्या शेजारी तो उभा होता. त्याच्या आवाजानं वस्तीतली कुत्री शेपूट घालून लपली. मी त्याच्यासाठी चहाचा वाडगा घेऊन गेले.

"आता हाक मारणारं कुणी उरलं नाही," मी हळूच म्हणाले.

त्याच्या नाकपुड्या हलल्या. त्यानं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"रुमाल नीट बांध, पोरी," तो म्हणाला. "वारा आहे."

मी चहा त्याच्या पायांशी बर्फात ओतला. तो हलला नाही. आईचं प्रेत तंबूत असताना मुलाला काठी टाकून जाता येत नाही.