पोकळ वाजतंय

मी लाद्या बसवतो. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, दुसऱ्यांच्या साइटवर घमेली उचलता उचलता बघून शिकलो. तेव्हापासून कुठेही गेलो की मान खालीच. बायको म्हणते, "लग्नात माझ्या मावश्या म्हणत होत्या, मुलगा किती लाजाळू! लाजाळू कसला, फरशीचे सांधे बघत होता."

तर लग्नानंतरची पहिली ट्रिप. शेवटचा दिवस, रात्रीची गाडी. तिची पहिल्यापासून एकच मागणी: शहराच्या मनोऱ्यावर जायचं आणि मागे अख्खं शहर दिसेल असा दोघांचा फोटो काढायचा. मोठा करून घरात लावायला. मी रोज म्हणायचो, "उद्या नक्की." आता उद्या संपले होते, आणि मनोरा पाचला बंद होतो.

"वाटेत तो जुना राजवाडा पटकन बघू," मी म्हणालो. पटकन! आणि मी!

दरबारात सगळे माना वर करून झुंबरं बघत होते. मी खाली. काळ्या-पांढऱ्या लाद्या, सांध्यात नख जाणार नाही असं काम. मी पार येडा झालो.

"चल ना रे, चार वाजून गेले."

"आलोच."

खांबामागची एक लादी जरा वेगळी वाटली. दोरीखालून वाकून गेलो, उकिडवा बसलो, बोटाने ठोकलं. शेजारची पण ठोकली. आवाजात फरक! पहिलीच्या खाली चुन्याचा मसाला नीट भरलाच नव्हता. एवढ्या मोठ्या राजाकडे पण माझ्यासारखाच चुकणारा कोणीतरी कामाला होता. आनंदाने ओरडलो, "अगं, ही पोकळ वाजतेय! खाली मोकळं आहे!"

दरबारभर घुमलं. लोक झुंबरं सोडून माझ्याकडे बघायला लागले. एक काका धावत आले, "काय सापडलं?" त्यांच्यामागे गार्ड.

ऑफिसातल्या साहेबांनी मला उभंच ठेवलं.

"खाली काय आहे, कोणी सांगितलं तुला?"

"काहीच नाहीये साहेब. तेच तर म्हणतोय."

"मग मोकळं आहे म्हणून ओरडलास ते?"

"म्हणजे मसाला नाही."

"कसला मसाला?"

समजावायला जावं तितका मी खोलात. साहेबांचं पक्कं झालं होतं, हा गुप्तधनवाला. "फोन दाखव."

दाखवला. स्टेशनची फरशी. लॉजची मोरी. बागेतली पायवाट. तीच पायवाट, जवळून. साहेबांचा चेहरा हळूहळू बदलला. राग गेला, दया आली.

"ह्या बाई कोण?"

"बायको."

"डोकं कुठाय?"

कोपऱ्यात घड्याळाकडे बघत बसलेली बायको उठून आली. तिने एकेक फोटो सरकवला. सगळ्यांत ती गळ्यापासून खाली. चपला मात्र अगदी स्पष्ट.

"ताई," साहेबांनी विचारलं, "हे खरंच लाद्या बसवतात?"

"मी यांना ओळखत नाही."

गार्ड पुढे सरसावला.

"ओळखते हो," ती म्हणाली. "गुप्तधन शोधायची अक्कल असती, तर मी कशाला रडले असते? सोडा, नेते मी."

साहेबांना हसू आवरेना. सोडलं.

धावलो. मी पुढे, ती मागे, मग ती पुढे आणि मी धापा टाकत मागे. पोचलो तेव्हा तिकीटखिडकीवर 'बंद' लिहिलेली पाटी हलत होती. आतल्या माणसाने आत्ताच लावली असावी. मी काचेवर ठोकलं. त्याने दिवा घालवला. दिवसभरात माझ्या ठोकण्याला मिळालेलं दुसरं उत्तर.

ती पायरीवर बसली. भांडली असती तरी चाललं असतं, भांडण मला जमतं.

"पुढच्या वर्षी आपण…"

"बोलू नकोस."

मी शेजारी बसलो. तिने माझ्या हातातून फोन घेतला, कॉलर धरून मला जवळ ओढलं आणि हात लांब करून फोटो काढला. दोघांची डोकी शाबूत.

"शहर कुठाय यात?" मी चाचरत विचारलं.

"नाहीये. मागे 'बंद'ची पाटी आलीये. हाच मोठा करून लावायचा."

लावलाय. सोफ्याच्या वर. पाहुणे विचारतात, हा कुठला हो फोटो? ती पाणी आणायला आत जाते आणि जाता जाता म्हणते, "सांग त्यांना."

मग मी सांगत बसतो.